तक्रार फक्त लॅटिनमध्ये

बुधवार, १२ मार्च

फ्राग्या,

मागच्या बुधवारी तुझ्या लेकीच्या पत्त्यावर एक कार्ड टाकलंय. लॅटिनमधलं, तीन शब्दांचं. मिळालं असेलच. त्यातल्या मजकुराला फारसं महत्त्व देऊ नकोस, शब्दांची रूपं बरोबर आहेत का तेवढं बघ. सराव सुटू नये म्हणून पाठवलं, दुसरं काही कारण नाही. त्या तीन शब्दांवर माझ्या पाच दुपारी गेल्या. आमची ही मध्येच डोकावून म्हणाली, "तीन शब्दांना एवढा घाम? लग्न ठरल्यावर सहा महिन्यांत मला एक ओळ लिहिली नव्हतीत." मी म्हटलं, त्या वेळी व्याकरण येत नव्हतं.

फोन केला असता, पण फोनवर तू "हं" म्हणतोस आणि ठेवून देतोस. जन्मभर दगडावर अक्षरं कोरलीस, त्यामुळे बोलतानाही तुला प्रत्येक अक्षराचे कष्ट दिसत असणार.

आज मंडळ भरलं. भरलं म्हणजे काय, मी आणि सेम्परबाई. दुकानामागच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांमध्ये, नेहमीसारखं. तुझी खुर्ची आहे तिथेच आहे. तिच्यावर तुझं धूळ पुसायचं फडकं पडलंय, तू जाताना घडी करून ठेवलेलं. बाई म्हणाल्या, उचला ते. मी म्हटलं, ज्याचं त्याने उचलावं.

बाईंनी मला कामाला लावलंय. मंडळाला सतरा वर्षं झाली, तर इतिहास लिहून काढा म्हणतात. "तुम्हाला सध्या भांडायला माणूस नाही, तेवढंच तोंड वहीवर चालेल." पहिलं पान इथे उतरवतो. चुकलं असेल तर कळव.

"एका सकाळी एक दगड कोरणारे गृहस्थ डोक्यापासून पायापर्यंत पांढरेफटक होऊन औषधाच्या दुकानात शिरले. न्यायालयाच्या दारावर कोरायच्या मजकुराचा कागद त्यांच्या हातात होता. बारा वर्षं ते गृहस्थ अर्थ न कळता लॅटिन कोरत होते, आणि औषधवाल्यांना लॅटिन येतं असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. औषधवाल्याला डॉक्टरांच्या चिठ्ठीतले चार शब्द येत होते. पण समोरचा विश्वासाने विचारतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? त्याने चष्मा लावला, कागद लांब धरला आणि सांगितलं, 'जेवणानंतर घ्यावं, असं काहीसं आहे.' मजकूर होता, 'न्याय होवो.' रांगेत मागे उभ्या असलेल्या एक बाई इतक्या मोठ्याने हसल्या की काउंटरवरची खोकल्याची बाटली आडवी झाली. त्या वनस्पती उद्यानात झाडांच्या पाट्या लिहायच्या, त्यामुळे त्यांना या दोघांपेक्षा जास्त येत होतं. दुसऱ्या बुधवारपासून तिघं मिळून शिकायला बसले."

नावांचंही लिहिलंय. बाईंनी सगळ्यांना झाडांची नावं दिली. मी ऑफिसिनालिस, म्हणजे औषधाच्या कामाचा. तू सॅक्सिफ्रागा, खडक फोडणारा. एवढं लांब कोण म्हणणार, म्हणून आठ दिवसांत तुझा फ्राग्या झाला. स्वतःला त्यांनी सेम्परविरेन्स ठेवलं, सदाहरित. आपलं नाव आपणच ठेवायचं असलं की माणूस हात आखडता घेत नाही.

आणि पुस्तक. जुन्या बाजारात मिळालेलं एकच व्याकरण, ज्याची शेवटची पानं नाहीत. नामांचा तिसरा वर्ग संपतो आणि पुढे पुठ्ठा. त्यामुळे चौथ्या आणि पाचव्या वर्गातले शब्द जगात नाहीतच असं धरून आपण सतरा वर्षं काढली. काही अडलं का? नाही अडलं.

तिथलं हवापाणी कळव.

ऑफिसिनालिस


बुधवार, १९ मार्च

फ्राग्या,

उत्तर नाही. बरं.

पायरीची एक गंमत सांगतो, नाहीतर तुला कोण सांगणार. दुकानाला तीस वर्षं झाली म्हणून तू जानेवारीत जो दगड बसवून दिलास, 'कावे फार्माकोपोलाम', औषधवाल्यापासून सावध, तो लोक रांगेत उभे असताना वाचतात. परवा एक गृहस्थ कंबर धरून आले आणि म्हणाले, "ते पायरीवर जाहिरात केलेलं मलम द्या." मी विचारलं, कुठलं? "कावे फार्मा." मी काय करणार? नेहमीचं कंबरेचं मलम दिलं. काल येऊन माझे हात धरले, "जादू आहे हो." आता त्यांनी आणखी चौघांना पाठवलंय. सगळ्यात वर म्हणजे, त्यातला एक जण आधी चौकातल्या दुकानात गेला होता. तिथे तो चौकातला काय म्हणाला माहितीये? "कालच संपलं. उद्या माल येईल."

मी एकटाच काउंटरमागे बसून हसलो. एकट्याने हसलं की हसू लवकर संपतं, हे मला या वयात कळलं.

इतिहासाचं दुसरं पान नियमांवर आहे. पहिल्या वर्षी आपण तिघं नुसते भांडायचो. हात टेकायची खुर्ची एकच, ती कोणाची? तुझ्या कपड्यांची धूळ माझ्या बाटल्यांवर बसायची. शेवटी बाईंनी औषधाच्या खोक्याच्या पाठीवर पहिला नियम लिहिला, तक्रार फक्त लॅटिनमध्ये. आणि स्वतःच पहिली तक्रार केली. पूर्ण एक तास लागला त्यांना. पुस्तक उलटंपालटं केलं, दोनदा खोडलं, आणि शेवटी वाचून दाखवलं, "साक्सिफ्रागा पुल्वेरेम पोर्तात." सॅक्सिफ्रागा धूळ वाहतो. ते ऐकायला असं वाटलं की जणू नदी समुद्राला मिळते तसा हा निसर्गाचा नियमच आहे. तोवर बाईंचा राग कधीच उतरला होता, तिघंही पोट धरून हसलो, आणि पुढच्या बुधवारी तू फडकं घेऊन आलास.

दुसरा नियम, तक्रार मिळाली की ज्याच्यावर आहे त्याने चार बुधवार गप्प बसायचं. हा माझ्यामुळे करावा लागला, हे मी इतिहासात लिहिलेलं नाही.

तिसरा नियम, कौतुक आणि माया मराठीत. हाही बाईंचा. आपण दोघांनी तो सतरा वर्षांत एकदाही वापरलेला नाही.

दर बुधवारी एकाने क्रियापद आणायचं आणि सहाही रूपं म्हणून दाखवायची, हे लिहिताना वहीत मागे जाऊन पाहिलं. तुझं शेवटचं क्रियापद फेब्रुवारीतलं, 'त्रेमो'. मी थरथरतो. त्रेमो, त्रेमिस, त्रेमित, न अडखळता म्हणालास. मी दहापैकी नऊ गुण दिलेत. शेऱ्यात लिहिलंय, "आवाज बारीक आला, एक गुण कापला."

आता त्या भांडणाच्या दिवसाबद्दल. मी नियम मोडला, मराठीत बोललो, हे मान्य. पण कारण होतं की नाही? आदल्या दिवशी तू त्या चौकातल्या दुकानातून औषधाची पिशवी घेऊन बाहेर पडताना मी या डोळ्यांनी पाहिलं. सतरा वर्षं माझ्याकडे बसतोस, माझा चहा पितोस, आणि औषध त्याच्याकडून? परक्या माणसाने केलं असतं तर मी शब्द काढला नसता. तेच मी बोललो. आणि पायरीबद्दल दोन शब्द, ओघात. एवढ्यावरून दोन दिवसांत चंबूगबाळं आवरून लेकीकडे जायचं?

तुझी बाजू असेल तर लिही. मी वाचेन.

ऑफिसिनालिस


गुरुवार, २७ मार्च

फ्राग्या,

काल बाईंनी माझी बिनपाण्याने केली.

मी म्हटलं, बघा, कार्ड पाठवलं, दोन पत्रं पाठवली, त्याचं एक अक्षर नाही. इतका कसला ताठा? बाईंनी विचारलं, कार्डात काय लिहिलं होतं? मी म्हटलं, सराव. "काय सराव?" मी बाटल्यांवरची धूळ पुसायला लागलो. त्या उठल्या, माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. (तुझंच होतं ते. खुर्चीवरून कधी उचललं मला कळलं नाही. परत घडी करून ठेवलंय.)

शेवटी सांगावं लागलं. 'पेक्कावी, अमीके. रेदी.'

बाईंनी मराठी केलं, मोठ्याने. "चुकलो, मित्रा. परत ये." मग माझ्याकडे असं बघत राहिल्या की जणू मी कुंडीत प्लास्टिकचं फूल लावलंय.

"अहो ऑफिसिनालिस, तुम्ही भांडलात मराठीत आणि माफी मागताय लॅटिनमध्ये? सगळं उलटं झालं की हो."

मी म्हटलं, भावना पोचल्याशी कारण.

"कुठून पोचणार? आपल्याकडे जे लॅटिनमध्ये येतं ते काय असतं?"

तक्रार असते. फ्राग्या, मी खाली बसलो. तू नियमाने चालणारा माणूस. न्यायालयाच्या दारावर कोरलेल्या शब्दांत एक टिंब जास्त नको म्हणून तू दोन दिवस वाद घातला होतास. तुला लॅटिनमधलं कार्ड आलं म्हणजे तू ते तक्रारीच्या खणात टाकलं असणार आणि चार बुधवार तोंडाला कुलूप. मी इथे तुझ्या ताठ्याला शिव्या देतोय आणि तू तिथे माझाच नियम पाळत बसलायस. अशी चूक जगात दुसऱ्या कोणाच्या हातून होणं शक्य नाही, एवढं तरी आपल्या मंडळाचं वेगळेपण.

हे हसण्यावारी गेलं असतं. पण मी गप्प बसलो नाही. मी म्हटलं, ठीक आहे, पद्धत चुकली, पण मूळ मुद्दा माझाच बरोबर. तो त्या दुकानात गेलाच का?

बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाल्या, "त्यांनी मला शपथ घातलीय. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. पण ती मराठीत घातली होती, लॅटिनचं काही ठरलं नव्हतं." आणि पाठ सरळ करून, पाटी वाचावी तशा म्हणाल्या, "साक्सिफ्रागा त्रेमित."

मी म्हटलं, "बरोबर. कर्ता, क्रियापद, एकवचन."

"अहो, तपासू नका. ऐका."

मग मी ऐकलं.

आता पुढचं लिहवत नाही. दुकान उघडायची वेळ झाली.

ऑफिसिनालिस


शनिवार, २९ मार्च

फ्राग्या,

काल मी चौकातल्या दुकानात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. रांगेत उभा राहिलो. पुढच्या बाई मागे वळून म्हणाल्या, "तुम्ही इथे? तुमच्याकडे संपलं का?" मी म्हटलं, हो, माझ्याकडची अक्कल संपलीय, ती इथे मिळते का बघतो.

तो मला बघून घाबरला. त्याला वाटलं मी मलमाबद्दल बोलायला आलोय. आपणहोऊन म्हणाला, "माल उद्या नक्की." मी म्हटलं, मलम राहू दे. माझा मित्र, दगड कोरणारा, तुझ्याकडे यायचा. त्याने हात जोडले. "गिऱ्हाइकाचं औषध मी सांगत नसतो, तुम्हीही सांगत नसाल." माणूस बरा निघाला, हे कबूल करायला मला जड जातंय. मी वळलो तर मागून म्हणाला, "औषधाचं नाही सांगत. पण ते दर महिन्याला एक म्हणायचे. माझ्या औषधवाल्याला कळू देऊ नका. त्याला कळलं तर तो रात्रीचा झोपणार नाही, आणि दिवसा माझ्या हाताकडे बघत बसेल."

तिथून घरी येईपर्यंत मी रस्त्यात दोनदा थांबलो. हिने दार उघडलं आणि विचारलं, "काय झालं? कोणी बोललं का?" मी म्हटलं, सतरा वर्षं कोणीतरी बोलत होतं, मीच ऐकत नव्हतो.

ही म्हणाली, "मला एकतीस वर्षं झाली." पण मग तिने पाणी आणून दिलं आणि जवळ बसली.

ऑफिसिनालिस


गुरुवार, ३ एप्रिल

फ्राग्या,

काल चौथा बुधवार झाला. नियमाप्रमाणे आता तू बोलायला मोकळा आहेस. पण तू बोलण्याआधी मला बोलायचंय, आणि हे पूर्ण पत्र मराठीत आहे. एकही शब्द दुसरा येणार नाही. कुठे अडलो तर खोडेन, पण पुस्तकात तोंड लपवणार नाही.

मी 'पायरीबद्दल दोन शब्द' म्हणालो असं लिहिलं होतं. दोन नव्हते. मी काय बोललो ते मला अक्षर न् अक्षर आठवतं, तुलाही आठवत असेल. मी म्हणालो, "आणि ती पायरी बघ. शेवटचं अक्षर कसं घसरलंय. कोरताना हात थरथरत होता की काय तुझा?" तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं आता हा उलट बोलेल, म्हणजे मला आणखी बोलता येईल. तू फडक्याची घडी केलीस, खुर्चीवर ठेवलीस, आणि गेलास.

हेच वाक्य लॅटिनमध्ये करायला बसलो असतो तर तासभर लागला असता. अर्ध्यातच लाज वाटून मी ते सोडून दिलं असतं. मराठी माझ्या तोंडात तयार होती, म्हणून बाण सुटला.

मी तीस वर्षं औषधं विकतोय. रांगेतल्या माणसाचा चालण्याचा ढंग बघून मी सांगतो की याचा गुडघा गेलाय. कोणाच्या डोळ्यांखाली काळं दिसलं की विचारतो, झोप होते ना? आणि तू माझ्यासमोर तीन हातांवर बसायचास. तू कप दोन्ही हातांनी धरायला लागलास ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, थंडी आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण मी तर दिव्यालाच डोळे मिटायला लावले.

आणि तू लपवलं होतंस असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? तू सांगितलं होतंस. फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी तू मंडळात उभा राहिलास आणि म्हणालास, मी थरथरतो. रीतसर, नियमाप्रमाणे, ज्या भाषेत तक्रार करायची त्याच भाषेत. आणि मी तुला नऊ गुण दिले.

एक गोष्ट सांगतो. सोमवारी मी दुकान बंद ठेवून महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलो. तिथे आपलंच पुस्तक आहे, अखंड. पुठ्ठ्याआधीची पानं उघडली. नामांचा चौथा वर्ग. पहिलाच शब्द काय आहे माहितीये? हात. सतरा वर्षं आपल्याला हात हा शब्द चालवता येत नव्हता, म्हणून तू नुसतंच 'मी थरथरतो' म्हणालास. पाचव्या वर्गात 'आशा' आहे. आपल्याला तोही येत नव्हता. सगळी पानं मी हाताने उतरवून काढलीत, ग्रंथपालबाई घड्याळाकडे बघत होत्या. ती या पत्रासोबत पाठवतोय. अक्षर वाईट आहे, घाईत लिहिलंय.

आता जे लिहायचंय ते. तिसरा नियम आपण कधी वापरला नाही, म्हणून सवय नाही, सांभाळून घे.

तू माझा मित्र आहेस. बुधवार येतो म्हणून मला मंगळवार बरा वाटतो. तू आलास की मी मोठ्याने बोलायला लागतो, आणि तू गप्प राहतोस, आणि मला वाटतं माझं कोणीतरी ऐकतंय. तू दिलेली पायरी सरळ असती तरी मला एवढीच आवडली असती. ते शेवटचं घसरलेलं अक्षर तू कोणत्या कष्टाने कोरलं असशील हे मला आता कळतं, आणि त्यावर पाय ठेवून दुकानात शिरायची मला हिंमत होत नाही. मी आठवडाभर बाजूने उडी मारून आत जातोय. ही म्हणते, या वयात पाय मोडाल.

मी चुकलो. मला माफ कर. परत ये, किंवा नको येऊस, तिथे बरा असशील तर तिथेच राहा. पण माझ्यावर रागावून राहू नकोस.

हे वाचून तू "हं" म्हटलंस तरी मला पुरेल.

तुझा,
औषधवाला


गुरुवार, १७ एप्रिल

फ्राग्या,

काल बुधवारी, बरोबर मंडळाच्या वेळेला, दोन माणसं एक लाकडी खोकं घेऊन आली. खोकं एवढं जड की एकजण म्हणाला, "औषधंच आहेत ना आत?" सेम्परबाई म्हणाल्या, "आहेतच." त्यांना आधीच सगळं कळतं.

आत तुझ्या लेकीची चिठ्ठी होती. तुला दाखवली नसेल, म्हणून इथे उतरवतो. तुझ्याबद्दलची तक्रार आहे, पण तिला नियम लागू नाहीत.

"काका, तुमचं लॅटिन कार्ड आलं तेव्हा बाबांना विचारलं, काय लिहिलंय? म्हणाले, तक्रार आहे, चार बुधवार बोलायचं नाही. नंतर तुमची मराठी पत्रं आली, ती वाचून उशीखाली ठेवली, पण बोलले नाहीत ते नाहीतच. तीन तारखेचं मोठं पत्र आलं त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, मला दगड आणून दे. मी म्हटलं, बाबा, हात? म्हणाले, त्यालाच कोरायचंय. एका दिवसाचं काम दहा दिवस चाललं. आमच्याकडे ते दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे, या दहा दिवसांत पहिल्यांदा मला ओरडले, चहा गार झाला म्हणून. बुधवारी तेवीसला मी त्यांना आणून सोडते. पण काका, गोळ्यांची जबाबदारी तुमची."

चिठ्ठीखाली माझं कार्ड होतं. पाठीमागे तुझ्या अक्षरात, वरखाली होत गेलेलं, "रूपं बरोबर."

मग भुसा बाजूला करून दगड काढला. पायरीचाच आकार. त्यावर तू पहिल्यांदाच मराठीत कोरलंयस.

"औषधवाला तसा बरा आहे."

फ्राग्या, त्यात एकही अक्षर सरळ नाही. 'औ' एका बाजूला कललाय, 'ळ' असता तर काय झालं असतं देव जाणे, आणि 'आहे' तर पायरीवरून उतरायलाच निघालंय. बाई चष्मा पुसायला लागल्या. मी म्हटलं, "तसा बरा? एवढ्या मोठ्या पत्रानंतर 'तसा'?" बाई म्हणाल्या, "मराठीत आहे ना? मग काय असतं ते तुम्हाला माहितीये." मग मीही चष्मा काढला. माझा खरंच खराब झाला होता.

आज सकाळी गवंडी बोलावून दगड बसवला. आधीची पायरी काढली नाही, तिच्यावर चढायला ही नवी ठेवलीय. आता माणूस आधी औषधवाल्याला बरा म्हणतो, मग त्याच्यापासून सावध होतो. क्रम बरोबर वाटतो.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे ते कंबरेचे गृहस्थ. (मलम अजून चालू आहे.) खाली वाकून वाचलं आणि म्हणाले, "कोणी कोरलंय हो? अक्षरं सगळी तिरकी आलीत. हात थरथरत होता वाटतं."

जवळजवळ माझंच वाक्य. दुकानात आणखी तिघं उभे होते. मी काउंटरमागून बाहेर आलो आणि म्हटलं, "हो. हात थरथरतो त्याचा. तरी कोरलं त्याने. माझा मित्र आहे तो."

ते गृहस्थ ओशाळले आणि गरज नसताना दोन मलमं विकत घेऊन गेले.

खुर्ची पुसून ठेवलीय, तुझ्याच फडक्याने. हात टेकायची खुर्ची आजपासून तुझी, हे इतिहासात लिहून टाकलंय, खोडता येणार नाही. येताना क्रियापद घेऊन ये, पाळी तुझी आहे. जे आणशील ते मी नीट ऐकेन, गुण देणार नाही.

गोळ्यांचं नाव तुझ्या लेकीकडून लिहून घेतलंय आणि मागवून ठेवल्यात. डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी सोबत आण. दिवसातून तीनदा, जेवणानंतर, माझ्यासमोर.

तुझा,
तसा बरा